वडिलांना मोफत श्रवण तपासणी शिबिराला न्यावे का?

आपण विचारले आहे की, कॉलनीच्या सभागृहात पुढच्या रविवारी मोफत श्रवण तपासणी शिबिर आहे, ६८ वर्षांचे वडील टीव्हीचा आवाज वाढवतच नेतात, पण ‘मला नीट ऐकू येते, तुम्हीच पुटपुटता’ असे म्हणतात; तर अशा शिबिरातून काही निष्पन्न होते, की तो केवळ यंत्र खपवण्याचा प्रकार असतो?

मी श्रवणतज्ज्ञ आहे आणि अकरा वर्षे इचलकरंजी परिसरातील शिबिरांत बसत आले आहे. वडिलांना जरूर न्यावे. मात्र तिथे होते ती चाळणी असते, निदान नव्हे, एवढे ध्यानात ठेवून न्यावे.

सुरुवातीला ऑटोस्कोपने, म्हणजे दिवा व भिंग असलेल्या नळीने, कानात पाहतात. मळाचा घट्ट बोळा बसल्यामुळे कमी ऐकू येणारी माणसे प्रत्येक शिबिरात भेटतात आणि मळ निघाला की ती हसत घरी जातात. त्यानंतर हेडफोन लावून साधारणपणे ५००, १०००, २००० आणि ४००० हर्ट्झचे (आकडा मोठा तशी आवाजाची पट्टी उंच) हळू आवाज ऐकवतात व ऐकू आल्यावर बोट वर करायला सांगतात. मागच्या वर्षी यंत्रमागावर तीस वर्षे काढलेले एक काका समोर बसले होते. खालच्या पट्टीच्या जाड आवाजांना त्यांचे बोट तत्परतेने वर गेले, पण ४००० हर्ट्झचा आवाज मी वाढवत नेला तरी ते गुडघ्यावरून हलेना आणि थोड्या वेळाने तेच मला म्हणाले, ‘म्याडम, चालू करा की आता.’

यंत्रमागांच्या खात्यातील आवाज अनेकदा ९० डेसिबलच्या वर असतो आणि अशा गोंगाटाचा पहिला घाव कानाच्या आतील उंच पट्टीच्या संवेदक पेशींवर पडतो. वयोमानानेही त्याच पेशी आधी झिजतात. आपल्या भाषेतील स्वरांचा जोर खालच्या पट्टीत असतो, तर स, श, फ, थ यांची ओळख पटवणारा भाग उंच पट्टीत असतो. त्यामुळे ‘सात’ म्हटलेले ‘आत’ वाटते, आवाज पोहोचतो पण शब्द कळत नाही. वडिलांची पुटपुटण्याची तक्रार त्यांच्या बाजूने खरीच आहे, हे घरच्यांनी समजून घेतले तर निम्मे भांडण मिटते.

सभागृह काही ध्वनिरोधक खोली नसते. पंख्याची घरघर आणि रांगेतल्या गप्पा यांमुळे चांगला कानही तपासणीत नापास होऊ शकतो. मी पंखे बंद करायला सांगते आणि मे महिन्यात त्यासाठी बोलणीही खाते. उलट, शांततेत उत्तीर्ण झालेल्या माणसाला लग्नाच्या गलक्यात बोलणे समजेलच, अशी खात्री ही तपासणी देत नाही.

आता आपल्या शंकेविषयी. ती अनाठायी नाही. ‘आजच्या दिवशीच निम्म्या किमतीत’ म्हणून टेबलावर यंत्रे मांडलेली मी पाहिली आहेत, आणि घाईने घेतलेली ती यंत्रे पुढे कपाटात पडून राहिलेलीही पाहिली आहेत. त्या दिवशी काहीही विकत घेऊ नये. तपासणीचा कागद घेऊन आधी कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावे, मग ध्वनिरोधक खोलीत दोन्ही कानांची पूर्ण ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याच्या क्षमतेचे मोजमाप, करून घ्यावी. तीही भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेल्या श्रवणतज्ज्ञाकडून. यंत्र लागलेच तर ते वडिलांच्या ऑडिओग्रामप्रमाणे (त्या मोजमापाच्या आलेखाप्रमाणे) जुळवून, काही दिवस वापरून पाहून मगच ठरवावे. बहिरेपणाच्या प्रतिबंधासाठी केंद्र सरकारचा राष्ट्रीय कार्यक्रम २००७ पासून सुरू आहे, त्यामुळे जिल्हा रुग्णालयात आधी चौकशी करावी. मुंबईत वांद्रे येथे १९८३ साली स्थापन झालेली, श्रवणदोषांवर काम करणारी अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. अपंगत्वाचे प्रमाणपत्र मिळण्याइतका दोष असेल आणि उत्पन्न मर्यादेत बसत असेल, तर अपंगांना सहायक साधने देणाऱ्या केंद्राच्या एडिप योजनेतून यंत्रासाठी मदत मिळते.

माझा स्वतःचा निकष असा आहे की, ज्या शिबिरात नापास झालेल्यांचे फोन नंबर लिहून घेत नाहीत आणि पुढच्या आठवड्यात कोणी त्यांना फोन करत नाही, ते शिबिर छायाचित्रांसाठी भरवलेले असते. ३ मार्चच्या जागतिक श्रवण दिनाला अशी बरीच उगवतात.

तोपर्यंत वडिलांच्या कानात कोमट तेल, काडी किंवा बड काहीही घालू नका. पडद्याला भोक असल्यास तेल आत जाऊन कान फुटतो, आणि बडने मळ बाहेर येण्याऐवजी आत सरकतो. त्यांच्याशी दुसऱ्या खोलीतून ओरडून न बोलता समोर बसून, चेहऱ्यावर उजेड असताना, नेहमीच्या आवाजात सावकाश बोलावे. मात्र एखाद्या कानाचे ऐकणे एक-दोन दिवसांत अचानक गेले असेल, तर रविवारची वाट पाहू नका. त्यावर स्टेरॉइडचे उपचार जितक्या लवकर सुरू होतील तितके बरे. दोन आठवडे उलटल्यावर त्यांचा उपयोग बराच घटतो.

शिबिराला जाताना त्यांच्या सगळ्या गोळ्यांची यादी सोबत ठेवा, कारण काही औषधेही कानाला बाधतात. आदल्या रात्री टीव्हीच्या पडद्यावर आवाजाचा कोणता आकडा त्यांना लागतो आणि कोणता तुम्हाला पुरतो, तेही त्याच कागदावर लिहून आणा.