पोरांना घेऊन तेरला जाताय? मग एवढं ऐका

दादा, धाराशिव जिल्ह्यातल्या तेरच्या लामतुरे संग्रहालयातलं सगळंच बघायचा हट्ट धरू नका. पहिल्यांदा जाणारे नेमके तिथंच चुकतात, अन् तिसऱ्या कपाटापाशी पोरं 'चला ना' म्हणतात.

तीनच गोष्टी धरा: मणी, भाजक्या मातीच्या मूर्ती अन् हस्तिदंती बाहुली. बाहुलीपाशी रेंगाळा. तशाच धाटणीची मूर्ती १९३८ साली इटलीत पाँपेईला सापडली! सातवाहन काळात तेर म्हणजे तगर नावाची व्यापारी पेठ; इथला माल भडोच बंदरातून पार रोमकडं जायचा. हे आदल्या रात्री गोष्टीसारखं सांगा, नकाशावर बोट ठेवून.

आजी सोबत असतील तर आधी गावातली गोरोबाकाकांची, म्हणजे संत गोरा कुंभारांची समाधी, नाहीतर त्यांचं चित्त तिकडंच. सुट्टीचा वार विचारून निघा. नाणी, लिपी पुढच्या खेपेला.