जमिनीतल्या पाईपला स्प्रिंकलर हेड कसं जोडायचं? थेट टी (तीन तोंडांचा जोड) टाकून उभा पाईप काढला तर चालंल का?

चालतंय की, पण टिकत नाही भावा. आमच्या दारातल्या लॉनला मी पहिल्यांदा तसंच केलं होतं, टी बसवली, वर अर्ध्या इंचाचा कडक पीव्हीसी तुकडा आणि त्यावर हेड, आणि पुतण्यानं गाडी रिव्हर्स घेताना चाक बरोबर हेडवर घातलं, हेडला काय झालं नाही पण खाली टी तडकली, सगळं परत उकरायला लागलं. त्यात आपली नदीकाठची काळी माती, पावसात फुगती आणि उन्हाळ्यात भेगा पडतात, कडक जोड हलणारच.

म्हणून मेन पाईपवर सर्व्हिस सॅडल (पाईपभोवती आवळायचा, वर आट्याचं तोंड असलेला जोड) बसवा, त्याच्यातनंच ड्रिलनं भोक पाडा, बुरा बाहेर काढा, आणि तिथनं हेडपर्यंत फूटभर लवचिक नळी नाहीतर दोन-तीन एल्बोचा फिरता जोड घ्या. म्हणजे वरनं दाब आला तरी नळी वाकती, पाईप वाचतो. आट्यांना टेफलॉन टेप गुंडाळा, पाईप चिकटवायचं सोल्युशन तिथं लावू नका, पुढं हेड बदलायचं झालं की रडायची वेळ येती.

नोझल बसवायच्या आधी पाणी सोडून लाईन धुवा, पहिल्या पाण्याबरोबर माती आणि बुरा येतोच. हेडचं डोकं जमिनीबरोबर ठेवा, वर आलं की गवत कापायचं मशीन उडवतंय. आणि एका हेडचं पाणी शेजारच्या हेडपर्यंत पोचलं पाहिजे, नाहीतर मधलं गवत पिवळं पडतंय. माती लगेच ओढू नका, एकदा चालवून गळती बघा, मग बुजवा.