सर्व्हर रूमच्या प्रत्येक सर्किटला लोड मीटर बसवावा का? की टाँग टेस्टर पुरे?

तुम्ही लिहिलंय की हॉस्पिटलच्या सर्व्हर रूमसाठी मीटरचं कोटेशन आलंय आणि वायरमन म्हणतो, "कशाला खर्च, महिन्यातून एकदा टाँग टेस्टर लावू." (टाँग टेस्टर म्हणजे वायरीभोवती चिमटा लावून करंट मोजायचं यंत्र.) मीटर बसवाच. पण त्याआधी एक बेरीज करा, ती फुकट आहे.

मी मुंबईतल्या एका हॉस्पिटलच्या मेंटेनन्सला होतो. 12 ऑक्टोबर 2020 ला सकाळी ग्रिड गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या, तरी आमच्या डीजींनी, म्हणजे डिझेल जनरेटरनी, लोड उचलला आणि काम चालू राहिलं. खरा घाम फोडला तो नंतर एका रविवारी, 32 अँपिअरच्या एका एमसीबीने (जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच).

सर्व्हरच्या रॅकला ए आणि बी असे दोन फीड, म्हणजे विजेच्या दोन वेगळ्या लाइनी, प्रत्येकीवर 32 चा एमसीबी. टाँग टेस्टरवर दोन्हीकडे 20 अँपिअर. लॉगबुकात 'ओके' मीच लिहिलेलं. त्या दिवशी यूपीएसच्या बॅटऱ्या बदलायला ए बंद केला. सर्व्हरना दोन-दोन पॉवर सप्लाय, एक एवर, एक बीवर; त्यामुळे सगळा भार बीवर आला: 40. एमसीबी पडला नाही, म्हणून आम्ही निवांत चहा मागवला. अर्ध्या तासाने पडला. लॅबचे रिपोर्ट, एक्स-रे, सगळं एकदम बंद.

एमसीबी असाच वागतो. रेटिंगच्या 1.13 पटीला तो तासभर पडता कामा नये, 1.45 पटीला तासाभरात पडलाच पाहिजे. मधल्या पट्ट्यात त्याची मर्जी, आणि पॅनल रूम तापलेली असेल तर लवकरच. आम्ही होतो 1.25 पटीला. (एमसीबी 40 चा करू, असं कुणी सुचवलं तर आधी केबल किती स्क्वेअर एमएमची आहे, तिला 40 झेपतील का, ते विचारा.)

म्हणून ए आणि बीची बेरीज एका एमसीबीच्या 80 टक्क्यांत बसवा. 32 ला साधारण 25, म्हणजे प्रत्येकी 12-13. मीटरचा अलार्म या बेरजेवर लावून घ्या. कोटेशनवाले बहुधा एकेका सर्किटवर लावून देतात, मग 20 ला तो गप्पच बसतो. टाँग टेस्टरची अडचण वेगळी: तो त्या क्षणाचा आकडा देतो, आणि वायरमन येतो दुपारी. सर्व्हरचा डेटा बॅकअप चालतो रात्री.

न्यूट्रलवरही एक सीटी (मीटरला करंट कळवणारी रिंग) बसवायला सांगा. यूपीएस, कॉम्प्युटर, एलईडी यांचे तिसरे हार्मोनिक (मूळ फ्रिक्वेन्सीच्या तिप्पट फ्रिक्वेन्सीचे करंट) तिन्ही फेजमधून येऊन न्यूट्रलमध्ये रद्द होत नाहीत, साचतात. आर-वाय-बी या तिन्ही फेज छान बॅलन्स दिसतात आणि न्यूट्रल तापलेला असतो.

ढिला लग, म्हणजे केबलच्या टोकाचा थिंबल, मात्र मीटरला दिसत नाही. करंट तितकाच, जोड मात्र भाजतोय. आपल्या खाऱ्या, दमट हवेत थिंबल काळे पडायला वेळ लागत नाही. पावसाळा संपला की ऑक्टोबरच्या उकाड्यात, लोड चालू असताना थर्मल कॅमेरा फिरवून घ्या. कॅमेरा भाड्याने मिळतो. आणि आयसीयूला, लॅबला आधी सांगून, ए फीड मुद्दाम बंद करून बघा. पूर्ण दोन तास. चहा नंतर.