सत्यजित राय यांच्या 'जलसाघर' चित्रपटातल्या महीम गांगुलीला, म्हणजे जमीनदाराच्या नवश्रीमंत शेजाऱ्याला, एवढं हास्यास्पद का दाखवलंय? सत्यजित राय जमीनदाराच्या बाजूचे होते का?

कारण सगळा चित्रपट आपण विश्वंभर राय या जमीनदाराच्या खुर्चीतून बघतो. त्याला लॉरीच्या धुरळ्यात आपला हत्ती दिसेनासा होतो, जनरेटरची धडधड कानात जाते, म्हणून आपल्यालाही महीम म्हणजे कटकट वाटते. सत्यजित राय कोणाच्या बाजूचे ते मी काय सांगणार, पण मी महीमच्या बाजूचा आहे, कारण आमचे बाबा म्हणजे तोच.

आम्ही गोव्याचे. आजो मुंडकार, म्हणजे भाटकाराच्या (जमीनदाराच्या) जागेत घर करून राहणारा, घरावर नवी कौलं घालायची तरी भाटकाराला विचारावं लागायचं. बाबांनी कर्ज काढून ट्रक घेतला, डिचोलीकडे खाणीवर लावला, मग आणखी एक घेतला आणि गावात एकदम "ट्रकवाला" झाले. तर जत्रेचं नाटक चालू होतं, ऐतिहासिक, आमचा पोस्टमन संभाजी, बाबांनी खूश होऊन एकशे एक रुपये बक्षीस आत पाठवलं. जाहीर करणारा माईकपर्यंत आला आणि थांबला, मागून कोणीतरी म्हणालं, "पयलें भाटकाराचें." भाटकार पुढच्या खुर्चीत, पण खिशात काही नाही, म्हणून पोराला घरी पिटाळलं. तो पोर अकरा रुपये घेऊन येईपर्यंत संभाजी तलवार उपसून तसाच उभा, पेटीवाला उगाच तेच तेच वाजवतोय, लोक हसतायत, आणि हसतायत कोणाला तर बाबांना! त्यामुळे शेवटच्या मैफलीत महीम नाचणारीला पैसे द्यायला हात पुढे करतो आणि जमीनदार काठीच्या मुठीने तो हात अडकवतो, पहिलं बक्षीस यजमानाचं म्हणून, तिथे लोक वा वा करतात, माझं डोकं फिरतं. उरलेली शेवटची मोहरांची थैली रे ती, आणि ती कशासाठी तर शेजाऱ्याचं नाक खाली करायला.

आमच्या भाटकाराचा नातू माझा वर्गमित्र, मुंबईत असतो, दर चवथीला येतो आणि तेच रडगाणं: १९७५ चा मुंडकार कायदा आला, १९७६ ला कूळकायद्याची दुरुस्ती आली, बांदोडकरांच्या (गोव्याचे पहिले मुख्यमंत्री) पक्षाने आम्हाला बुडवलं. जलसाघरही त्यानेच मला दाखवला, "बघ, आमची गोष्ट" म्हणून. आता बंगालात जमीनदारी काढायचा कायदा १९५३ चा, चित्रपट १९५८ चा, तरी चित्रपटात कायदा कुठे आहे? जमीन नदी खातेय, बायकोचे दागिने पोराच्या मुंजीत गेले, आणि नव्या वर्षाला महीमने घरी बोलावलं म्हणून ईर्ष्येने हा त्याच दिवशी स्वतःकडे मैफल ठेवतो, बायको-पोराला तातडीने बोलावून घेतो आणि ती दोघं वादळात बुडतात. यात महीमने काय केलं? सावकाराचा पोर, गाण्यात चुळबुळ करतो, हाच ना गुन्हा!

बाकी एक खरं, आमच्या भाटकाराने बाबांच्या शाळेची फी भरली होती, सगळे भाटकार एका माळेचे मणी नव्हेत. आणि चित्रपट भारीच आहे, त्यात वाद नाही, बेगम अख्तर, विलायत खाँचं संगीत, रोशनकुमारीचा नाच, आणि तो वाडाही खरा, मुर्शिदाबादेत निमतीत्याचा. फक्त बघताना हेडफोन लावा, जनरेटरचा आवाज नीट ऐकू यायला हवा.

आणि मित्रा, तू इथे वाचतोस ते मला माहितीये. कूळकायदा शेतीला आणि बागायतीला लागला, तुमच्या राहत्या घराला कोणी हात लावला नव्हता. त्याचं छप्पर बसतंय ते तुम्ही सगळे वारस आणि तुमच्या बायका एका टेबलावर येऊन सह्या करत नाही म्हणून. बाबा रीतसर भाव देऊन घ्यायला तयार होते तेव्हा तुझे काका म्हणाले, ट्रकवाल्याला नाही देणार. मग निदान पावसाआधी वर ताडपत्री तरी घाला, मागच्या पडवीची कौलं आमच्या अंगणात पडतात.