थरारक कादंबऱ्यांत एकटा ट्रेडर अख्खी बँक बुडवतो, असं खरंच होऊ शकतं का?

हो, आणि झालेलंही आहे. १९९५ मध्ये निक लीसन या ट्रेडरच्या सिंगापूरमधल्या सौद्यांपायी लंडनची बेअरिंग्ज बँक बुडाली. तोटा सुमारे ८२.७ कोटी पौंड. मेख अशी की सौदे करणारा तोच आणि त्यांचा हिशेब तपासून मिटवणाऱ्या विभागावर देखरेखही त्याचीच. त्यामुळे ८८८८८ क्रमांकाच्या खात्यात तोटा बिनबोभाट दडत गेला. कादंबरीतल्या पाठलाग-हॅकिंगपेक्षा मला तर हेच जास्त भयंकर वाटतं. फक्त हे एका रात्रीत घडत नाही, ते खातं १९९२ पासून चालू होतं. शिवाय दर वेळी बँक बुडतेच असंही नाही: २००८ मध्ये एका ट्रेडरमुळे सोसिएते जनराल या फ्रेंच बँकेला ४.९ अब्ज युरोंचा फटका बसला, तरी ती तगली.