चित्र काढता येत नाही, तरी चित्रापासून हलत नाही

कराडहून एका आईंनी लिहिले आहे: “माझी मुलगी बारावी विज्ञान शाखेत असून तिने जीवशास्त्र आणि गणित दोन्ही घेतले आहे. गेल्या वर्षी कॉलेजच्या सहलीत औंधचे संग्रहालय पाहून आल्यापासून तिला चित्रांचा ध्यास लागला. त्यानंतर ती चार वेळा औंधला गेली, ग्रंथालयातून कलेच्या इतिहासाची पुस्तके आणते, वहीत काहीबाही लिहीत बसते. आता ‘नीट’चा क्लास नको, कलेकडे जायचे आहे असे म्हणते. परंतु तिने एलिमेंटरीची परीक्षासुद्धा दिलेली नाही आणि चित्र तिला काढता येत नाही. हे खूळ वर्षभरात उतरेल असे तिच्या वडिलांना वाटते. एका वर्षाच्या आवडीवर आयुष्याचा निर्णय घ्यावा का?”

सप्रेम नमस्कार.

आपल्या पत्रासोबत मुलीच्या वहीतील तीन पानांची छायाचित्रे आपण पाठवलीत, हे फार चांगले केलेत, कारण माझे उत्तर मुख्यतः त्या पानांवर आधारलेले आहे. औंधच्या भवानी संग्रहालयात रविवर्म्यांची मूळ तैलचित्रे आहेत. त्यांपैकी एकासमोर उभे राहून आपल्या मुलीने रंगसंगतीचे कौतुक केलेले नाही, की चित्राची नक्कलही उतरवलेली नाही. तिने लिहिले आहे, “वरचा चकचकीत थर पिवळा का पडतो? खालचा रंगही पिवळा झाला आहे की फक्त थर?” दुसऱ्या पानावर भेगा सगळीकडे सारख्या का नाहीत, असे विचारून तिने भेगांचे दोन प्रकार रेखाटले आहेत. वर्षभरात ज्याची आवड केवळ वरवरची राहिली आहे, तो असे प्रश्न विचारत नाही.

चित्र पाहून एखाद्याचा हात शिवशिवतो आणि एखाद्याच्या मनात प्रश्न उभा राहतो. या दोन्ही वृत्ती कलेच्याच आहेत, पण त्यांच्या वाटा वेगळ्या आहेत, आणि घरोघरी त्यांची गल्लत होते. माझ्याकडूनही ती झाली आहे. अशाच ओढीने आलेल्या एका मुलाला मी पूर्वी रेखाकलेच्या तयारीकडे वळवले, दोन वर्षांत तो हताश झाला, आणि त्याला चित्रे काढायची नसून त्यांच्याविषयी जाणून घ्यायचे होते हे मला उशिरा उमगले. म्हणून आपल्या मुलीला आज घाईने चित्रकलेच्या क्लासला घालू नये, असे मी आग्रहाने सांगतो. बी.एफ.ए. या ललित कलेच्या पदवीसाठी राज्याच्या सीईटीत वस्तुचित्र, स्मरणचित्र आणि संकल्पचित्र काढावे लागते, आणि त्यासाठी वर्षानुवर्षांचा सराव असलेली मुले तेथे असतात. हा मार्ग वाईट नाही, पण तिच्या वहीत त्याची चाहूल मला दिसली नाही.

तिच्या प्रश्नांची उत्तरे शोधणारे क्षेत्र म्हणजे कलावस्तूंचे संवर्धन, आणि तेथे विज्ञान शाखेचा अडथळा तर नाहीच, उलट तिची फार गरज आहे. अजिंठ्याचे उदाहरण तिला अवश्य सांगा. 1920 च्या सुमारास निजाम सरकारने इटलीहून तज्ज्ञ बोलावून तेथील चित्रांचे जतन करवले. त्यांनी चित्रांवर लाखेचे रोगण चढवले, आणि काळाच्या ओघात तेच रोगण पिवळे पडून त्याने मूळ रंग झाकून टाकले. पुढे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या रसायनतज्ज्ञांना तो थर खालच्या रंगाला धक्का न लावता उतरवण्याचे जिकिरीचे काम करावे लागले. कोणता द्रावक लाख विरघळवील आणि रंगाला धरून ठेवणाऱ्या सरसाला हात लावणार नाही, हा रसायनशास्त्राचा प्रश्न आहे. आपल्या मुलीने औंधला नेमका हाच प्रश्न विचारला आहे, फक्त त्याला असे नाव आहे हे तिला ठाऊक नाही.

जीवशास्त्राविषयीही तेच. वेरूळच्या लेण्यांतील मातीच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू मिसळलेले होते, हे 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनातून पुढे आले. ते संशोधन पुरातत्त्व खात्यातील निवृत्त रसायनतज्ज्ञ आणि छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठातील वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक यांनी मिळून केले होते. अजिंठ्याच्या गिलाव्यात हे तंतू नाहीत, आणि तेथे किडींनी केलेले नुकसान वेरूळपेक्षा अधिक आहे. सूक्ष्मदर्शकाखाली तंतू ओळखता येणे हेही कलेच्या सेवेचे काम असू शकते, हे तिच्या वडिलांना कळले तर ‘खूळ’ हा शब्द कदाचित मागे पडेल.

आता प्रत्यक्ष मार्गाचे सांगतो. तिने बारावी विज्ञानातूनच पूर्ण करावी आणि रसायनशास्त्राकडे विशेष लक्ष द्यावे. ‘नीट’चा क्लास तिने सोडला तरी माझी हरकत नाही, कारण मन नसताना दिलेल्या त्या परीक्षेत वर्ष आणि फी दोन्ही जातात. त्यानंतर रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. करावी. ती कराडलाच राहून होऊ शकते, त्यामुळे खर्चाची चिंता तीन वर्षे तरी बरीच हलकी होईल. पदवीनंतर नोएडाच्या भारतीय वारसा संस्थेत, म्हणजे 1989 मध्ये राष्ट्रीय संग्रहालय संस्था म्हणून सुरू झालेल्या संस्थेत, कला-इतिहास, संवर्धन आणि संग्रहालयशास्त्र या तिन्ही विषयांत पदव्युत्तर शिक्षण मिळते. वस्तूंच्या संवर्धनावर संशोधन करणारी राष्ट्रीय प्रयोगशाळा लखनौला आहे. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचे स्वतःचे संवर्धन केंद्र आहे. तंत्रापेक्षा चित्रांच्या इतिहासाकडे तिचा ओढा वाढला, तर बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाची ललित कला विद्याशाखा, जी 1950 पासून चालू आहे, तिचा विचार करावा. प्रवेशाच्या अटी दरवर्षी त्या त्या संस्थेच्या माहितीपत्रकातून तपासून घ्या.

आयआयटीतील बी.डिझाइनसाठी ‘यूसीड’ ही परीक्षा जानेवारीत असते, बारावीच्या कोणत्याही शाखेचा विद्यार्थी ती देऊ शकतो, आणि लागोपाठच्या वर्षांत दोनदाच देता येते. तिची इच्छा असल्यास तिने ती जरूर द्यावी, मात्र डिझाइन आणि संवर्धन या निराळ्या गोष्टी आहेत हे लक्षात ठेवून.

संवर्धनाच्या क्षेत्रात जागा थोड्या आहेत आणि सरकारी भरतीची वाट पाहावी लागते, हे मी लपवणार नाही. सुरुवातीची काही वर्षे कंत्राटी कामात जातात. म्हणून बी.एस्सी.चा पाया असावा, असे मी म्हणतो. रसायनशास्त्राच्या पदवीधराला इतर दारेही उघडी राहतात. ही सोय थेट कला शाखेत उडी घेतल्यास मिळाली नसती.

बारावीच्या परीक्षेनंतर तिला अजिंठा आणि वेरूळ दोन्ही दाखवा. अजिंठा सोमवारी आणि वेरूळ मंगळवारी बंद असते, तेव्हा बेत त्याप्रमाणे आखावा. एक दिवस छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयासाठी राखा, आणि तेथून रस्त्यापलीकडच्या आधुनिक कला संग्रहालयातही डोकावून या, म्हणजे रविवर्म्यांनंतर आपल्याकडे चित्र कसकसे बदलत गेले ते तिच्या नजरेला पडेल. वहीत तिने पुढेही लिहीत राहावे. मात्र एकाच चित्राविषयी, वेगवेगळ्या ऋतूंत आणि वेगवेगळ्या प्रकाशात पाहून लिहावे. दमट आणि कोरड्या हवेत लाकडी चौकट, कापड आणि रंगाचा थर वेगवेगळे फुगतात-आक्रसतात, आणि भेगांच्या तिच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर तिला तेथेच सापडेल.

आपण स्वतः तिच्यासोबत औंधला एकदाही गेला नाहीत, असे पत्रावरून दिसते. पुढच्या रविवारी ती औंधच्या मूळपीठाच्या डोंगरावरील या संग्रहालयात जाईल तेव्हा कृपया बरोबर जा, तिला काही न सुचवता ती कोणत्या चित्रापुढे किती वेळ थांबते आणि काय विचारते ते पाहा, आणि मला कळवा.

आपला,
करिअर मार्गदर्शक