अक्कलदाढ आडवी आहे, पण आता दुखत नाही. काढावी की राहू द्यावी?

ताई, तुमच्या जागी मी असते तर खालची उजवी काढली असती, डावीवर लक्ष ठेवलं असतं आणि वरच्या दोन्हींबद्दल डॉक्टरांना आधी कारण विचारलं असतं. का, ते सविस्तर सांगते.

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं: वय 26, भुसावळला राहता, लग्न तीन महिन्यांवर आलंय. खालच्या दोन्ही अक्कलदाढा तिरप्या होऊन पुढच्या दाढेला टेकल्यात. उजवी वर्षभरात दोनदा सुजली, तोंड उघडेना, गोळ्यांनी उतार पडला. डावीने कधी त्रास दिला नाही. एक डॉक्टर म्हणाले चारही काढून टाका, दुसरे म्हणाले दुखत नाही तोवर हात लावू नका. आणि घरी आजी म्हणतेय की दाढ काढली की डोळे अधू होतात.

मी दाताची डॉक्टर नाही. अमळनेरला आमचं मेडिकल आहे आणि मी फार्मसिस्ट आहे. माझी एक अडकलेली अक्कलदाढ काढलेली आहे, दुसऱ्या बाजूची अजून जबड्यात आहे. त्यामुळे हा प्रश्न मी काउंटरच्या दोन्ही बाजूंनी बघितलाय.

काउंटरवर दिसतं ते आधी सांगते. गालाला रुमाल लावून माणूस येतो, खिशातून जुन्या स्ट्रिपचा तुकडा काढतो आणि म्हणतो, "मागच्या खेपेला याच गोळ्यांनी थांबलं होतं, त्याच द्या." डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक मी देत नाही, त्यावरून वादही होतात. पण असा माणूस काही महिन्यांनी पुन्हा दारात उभा असतोच. कारण सरळ आहे. दाढ अर्धी बाहेर, अर्धी आत असली की तिच्यावर हिरडीचा एक पदर राहतो. त्याखाली भाकरीचा कण, शेंगदाण्याचा चुरा, काहीही शिरतं आणि ब्रश तिथे पोचत नाही. जंतू वाढतात, पदर सुजतो, मग वरची दाढ त्याच सुजलेल्या जागेवर चावत राहते. गोळीने त्या वेळचा संसर्ग दबतो. पदर तसाच, खालची पोकळी तशीच. अशा वेळी डॉक्टर पदराखालची जागा धुऊन काढतात, त्याचा उपयोग गोळ्यांपेक्षा जास्त होतो. पण तोही त्या खेपेपुरताच.

तुमच्या उजव्या दाढेचं हेच झालंय, तेही दोनदा. ब्रिटनमध्ये ‘नाइस’ नावाची सरकारी संस्था उपचारांचे नियम ठरवते. तिने 2000 साली सांगितलं की निरोगी अडकलेल्या अक्कलदाढा केवळ खबरदारी म्हणून काढणं बंद करा. इतक्या कडक नियमातसुद्धा दुसऱ्यांदा अशी सूज आली तर ते काढण्याचं योग्य कारण मानलंय. पहिलीच आणि साधी सूज असेल तर थांबा म्हटलंय. म्हणून उजवीबद्दल मला फारशी शंका वाटत नाही.

खरा विचार डावीचा आहे. इथे मला कळकळीने एक गोष्ट सांगायचीय, कारण ती कुणी नीट समजावत नाही. अक्कलदाढ राहिली काय, गेली काय, चावण्यात फार फरक पडत नाही. जपायची ती तिच्या पुढची दाढ. बाराव्या वर्षाच्या आसपास आलेली ही दाढ आपल्याला म्हातारपणापर्यंत लागते. तिरपी अक्कलदाढ हिच्या पाठीला टेकली की मध्ये एक खाच तयार होते, अन्न तिथे अडकतं आणि पुढची दाढ मागच्या बाजूने, हिरडीच्या खाली किडायला लागते. आरशात ते दिसत नाही. कीड दाढेच्या आतल्या नसेला पोचत नाही तोवर बहुतेक वेळा दुखतही नाही. आणि दुखायला लागतं तेव्हा तिथे सिमेंट भरणं अवघड होऊन बसलेलं असतं. रूट कॅनाल तरी करा, नाहीतर दाढ काढा.

माझी काढली ती दाढ कधीच दुखली नव्हती. भलत्याच कारणाने ओपीजी, म्हणजे दोन्ही जबड्यांचा एकत्र एक्स-रे, काढला, तेव्हा पुढच्या दाढेच्या पाठीवर छोटा काळा डाग दिसला. अक्कलदाढ काढली, मग त्या डागाची जागा साफ करून भरली. आज त्याच दाढेने मी भाकरी चावते. चोपड्याकडचे एक शेतकरी गिऱ्हाईक मात्र ठणका आला की गोळी, ठणका आला की लवंगेचं तेल, असं कित्येक वर्षं रेटत राहिले. त्यांच्या दोन्ही दाढा एकदमच काढाव्या लागल्या. म्हणून "दुखत नाही ना, मग झालं" या सल्ल्यावर मी डावीला सोडून देणार नाही. आणि "आडवी आहे ना, मग काढा" एवढ्यावरही काढणार नाही.

डॉक्टरांसमोर ओपीजीची फिल्म ठेवून डाव्या बाजूबद्दल हे विचारा. पुढच्या दाढेच्या मागच्या बाजूला कीड दिसतेय का? दोघींच्या मधलं हाड खाली गेलंय का? अक्कलदाढेच्या डोक्याभोवती नेहमीपेक्षा रुंद काळी कड, म्हणजे गाठीची शंका, आहे का? आणि दाढेचा थोडासा भाग हिरडीतून बाहेर आलाय, की ती पूर्ण हाडात बंद आहे? पूर्ण बंद आणि आजूबाजू स्वच्छ असेल तर अशी दाढ वर्षानुवर्षं शांत राहू शकते. थोडी बाहेर आलेली जास्त खोड्या करते. चारही उत्तरं चांगली आली तर ठेवा, पण वर्षातून एकदा दाखवा आणि डॉक्टर सांगतील तितक्या अंतराने एक्स-रे काढा. ठेवायची म्हणजे लक्ष ठेवायचं, हे विसरू नका.

दोन डॉक्टर दोन गोष्टी का सांगतात, याचा तुम्हाला राग आलेला दिसतोय. पण दोघांच्याही बोलण्याला आधार आहे. जगभरचे अभ्यास तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने 2020 मध्ये याच प्रश्नाचा आढावा घेतला. अजिबात त्रास नसलेली, निरोगी अडकलेली दाढ काढावी की ठेवावी हे ठरवायला पुरेसा पुरावा नाही, असा निष्कर्ष निघाला. त्यामुळे जिथे आजार नाही तिथे डॉक्टरांचा अनुभव बोलतो. "काढा" म्हणणाऱ्यांचा मुद्दा वयाचा असतो आणि तो खरा आहे: विशीत हाड थोडं लवचिक असतं, जखम लवकर भरते, चाळिशीत तीच दाढ काढायला जास्त झटावं लागतं. "थांबा" म्हणणाऱ्यांचा मुद्दा असा की जी दाढ कदाचित कधीच त्रास देणार नाही, तिच्यासाठी ऑपरेशनचा धोका का पत्करायचा? एक मुद्दा मात्र कुणी मांडला तर मानू नका: अक्कलदाढेच्या रेट्याने पुढचे दात वाकडे होतात, म्हणून काढा. निव्वळ त्यासाठी दाढ काढण्याला आधार नाही.

आता धोका. खालच्या जबड्याच्या हाडातून एक नस जाते, तिच्यामुळे खालच्या ओठाला आणि हनुवटीला स्पर्श कळतो. अक्कलदाढेची मुळं कधीकधी तिला अगदी चिकटून असतात. जिभेची नसही जवळच असते. काढताना नस दुखावली तर ओठ, हनुवटी किंवा जीभ बधिर राहते. शंभरातल्या थोड्या जणांना असं होतं, बहुतेकांचं काही आठवड्यांत किंवा महिन्यांत ओसरतं. कायमचं राहण्याचं प्रमाण एक टक्क्याहूनही कमी आहे. कमी असलं तरी हे आधी विचारायला हवं. ओपीजीत मुळं नसेवर आलेली दिसली तर सीबीसीटी नावाचा स्कॅन काढतात, त्यात अंतर तिन्ही बाजूंनी कळतं. फारच जवळ असेल तर दाढेचं डोकं कापून मुळं तशीच ठेवण्याचाही एक मार्ग आहे. दाढ खोल असेल तर ऑपरेशन मॅक्सिलोफेशियल सर्जनकडूनच, म्हणजे तोंड-जबड्याची ऑपरेशनं करणाऱ्या डॉक्टरांकडूनच, करून घ्या. गावातल्या दवाखान्यात बरेचदा तेच ठरलेल्या दिवशी येतात, आधी विचारून घ्या. धुळ्याला दंत महाविद्यालय आहे, तिथेही दाखवता येतं.

आजींचं म्हणणं माझ्या सासूबाईंचंही होतं. "दाढ काढी ते डोया जाई," असं त्या अगदी काळजीने म्हणायच्या. त्यांना मी जे सांगितलं तेच तुम्ही आजींना सांगा. दिसण्याची नस डोळ्याच्या मागून थेट मेंदूत जाते. खालच्या दाढांची नस जबड्यातून येते. दाढ काढताना डोळ्याच्या नसेला कुणी हात लावत नाही. मला वाटतं, पूर्वी लोक चाळिशीनंतर दाढा काढायचे आणि वाचायचा चष्माही त्याच वयात लागायचा, त्यातून हा समज पक्का झाला असावा. आजींना सोबत घेऊन गेलात आणि डॉक्टरांनीच त्यांना सांगितलं तर आणखी चांगलं. त्यांच्या मनात भीती ठेवून तुम्ही त्या खुर्चीत बसू नका.

आपल्या भागापुरती एक गोष्ट. घरात कुणी सुपारी, गुटखा किंवा मावा खात असेल तर त्यांच्यासाठीही वाचा. राज्यात 2012 पासून गुटख्यावर बंदी आहे, तरी तो सुटलेला नाही हे आपण रोज बघतो. सुपारीने गालाची आतली कातडी कडक होते आणि तोंड हळूहळू कमी उघडायला लागतं. स्वतःची तीन बोटं उभी धरून तोंडात जात नसतील तर "अक्कलदाढ येतेय" असं समजून गप्प बसू नका. तो वेगळा आजार असू शकतो, पुढे त्यातून कॅन्सर होऊ शकतो. दाढ दुखली की तिथे तंबाखू किंवा मिश्री दाबून ठेवायची सवय असेल तर तीही सोडायला सांगा.

ऑपरेशनचं फार मनावर घेऊ नका. भुलीचं इंजेक्शन टोचतं ते कळतं. नंतर दाब आणि आवाज जाणवतो, दुखणं जाणवू नये. जाणवलं तर हात वर करा, भूल वाढवतात. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असते, मग उतरते. पहिल्या दिवशी बाहेरून बर्फ लावा, थुंकू नका, चूळ भरू नका, स्ट्रॉने काही पिऊ नका, कारण जखमेत धरलेली रक्ताची गुठळी जागेवर राहायला हवी. दुसऱ्या दिवसापासून कोमट मिठाच्या पाण्याने हलकेच चूळ. तिसऱ्या-चौथ्या दिवशी दुखणं कमी व्हायच्या ऐवजी कानापर्यंत वाढलं, तोंडाला वास यायला लागला, तर गुठळी सुटलीय असं समजा आणि परत जा. डॉक्टर जखम धुऊन त्यात औषध भरतात, लगेच बरं वाटतं. सिगारेटने हा त्रास वाढतो, गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या बायकांमध्येही जास्त दिसतो. तुम्ही कुठलीही गोळी घेत असाल, दमा, ॲसिडिटी, ॲलर्जी असेल, तर न लाजता आधी सांगा. वेदनेच्या गोळ्या त्यावरून ठरतात.

खायला केळ्याचं शिकरण, दही-भात, गार झालेली मऊ खिचडी. वांग्याचं भरीतही चालेल, पण मिरची आणि शेंगदाणे वगळून. आपल्याकडे त्याला भरीत म्हणतील का हा प्रश्न वेगळा! कळण्याची भाकरी, ठेचा, शेव, पापड जखम भरेपर्यंत बंद.

राहिली लग्नाची तारीख. आत्ता सूज नसेल तर हीच वेळ बरी. सुजलेल्या जागी भूलही नीट लागत नाही. लग्नाआधी निदान महिनाभर मोकळा राहील असं बघा, म्हणजे हळदीला गालही सुजलेला नसेल आणि जेवणावळीत तुम्हाला उपाशी राहावं लागणार नाही. ताई, आणखी एक मोकळेपणाने सांगते. पुढे दिवस गेले आणि तेव्हा ही उजवी पुन्हा सुजली, तर औषधं मोजकीच देता येतात, एक्स-रेसाठी विचार करावा लागतो आणि असं ऑपरेशन शक्यतो पुढे ढकलतात. त्या आधी तिचं काम उरकलेलं बरं.

वरच्या दोन दाढांबद्दल डॉक्टरांना एवढंच विचारा की खालची गेल्यावर वरची हिरडीला टोचणार आहे का, किंवा ती किडलीय का. हो असेल तर त्याच बैठकीत काढून टाका, वरची सहसा सोपी जाते. नाही असेल तर राहू द्या.

तोपर्यंत उजवीकडे ताप आला, घोट गिळता येईना, जबड्याखाली किंवा गळ्याकडे सूज उतरायला लागली, किंवा श्वास जड झाला, तर घरी गोळी घेऊन सकाळची वाट बघू नका. त्याच रात्री मोठ्या दवाखान्यात जा.